मदत हवी आहे: टपाल तिकिटं बैठकीत लावायची आहेत, बघणाऱ्याने थांबून विचारावं अशी

अबोली (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, शाळकरी वयापासून टपाल तिकिटं जमवली आहेत. जाडजूड स्टॉकबुकं (तिकिटं ठेवायच्या वह्या) आहेत, फर्स्ट डे कव्हर्सचा (तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का मारलेल्या पाकिटांचा) खोका आहे, शिवाय शिक्क्यांसकट जपलेली जुनी पाकिटं. आता त्यांना बारीक दिसत नाही, त्यामुळे ते स्वतः वह्या फारशा उघडत नाहीत. पण कोणी आलं आणि विषय निघाला की त्यांची कळी खुलते. परवा भाचेमंडळी आली होती तेव्हा एका तिकिटावरून सुरू झालेलं बोलणं पानं वाढेपर्यंत थांबलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात आहे की यातली निवडक तिकिटं बैठकीच्या खोलीत लावावीत. नुसती शोभा नकोय. आलेल्या माणसाने जवळ जाऊन बघावं, "हे काय?" म्हणून विचारावं आणि अण्णांनी सांगावं, एवढी माझी इच्छा आहे.

अडचणी अशा:

आमची बैठक पश्चिमेकडे आहे. दुपारी तीननंतर ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं. पावसाळ्यात घरात दमटपणा इतका असतो की पुस्तकांची पानंसुद्धा मऊ पडतात.

गावातल्या फ्रेमवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, हस्तिदंती रंगाच्या कार्डावर डिंकाने ओळीत चिकटवू, वर काच घालू, झालं. अण्णांनी ऐकताक्षणी "अजिबात नाही" म्हटलं. पण मग लावायची कशी, हे त्यांनाही सांगता येईना, कारण त्यांनी आयुष्यभर वह्यांतच ठेवली.

यजमानांचं म्हणणं, काचेचं टीपॉय आहेच, त्या काचेखाली पसरून ठेवू, सगळ्यांना बसल्या जागी दिसतील.

जाणकारांनी कृपया सांगा. खर्च फार करायचा नाही, पण तिकिटांना इजा होणार असेल तर थोडे जास्त पैसे घालायची तयारी आहे.

टपालखुणा

अबोलीताई, अण्णांचं शंभर टक्के बरोबर आहे. डिंक, फेव्हिकॉल, सेलोटेप, दुहेरी चिकटपट्टी यांपैकी काहीही तिकिटाच्या पाठीला लागता कामा नये. सेलोटेपचा चिकटा काही वर्षांत कागदात मुरतो आणि पुढच्या बाजूने तपकिरी डाग दिसायला लागतो. तो डाग जात नाही.

तुमच्याकडची तिकिटं आधी दोन गटांत वेगळी करा. वापरलेली, म्हणजे शिक्का पडलेली आणि पाण्यात भिजवून सोडवलेली, यांच्या पाठीला डिंक नसतो. ती हिंजवर लावता येतात. हिंज म्हणजे पातळ कागदाची डिंक लावलेली छोटी पट्टी. ती दुमडून अगदी किंचित ओलसर करायची, एक बाजू तिकिटाला आणि दुसरी पानाला. पूर्ण वाळल्यावर ती तिकिटाला न दुखावता सुटते. न वापरलेली, मूळ डिंक शाबूत असलेली तिकिटं मात्र हिंजला लावू नका. हिंजची खूण डिंकावर कायमची राहते आणि संग्राहकांच्या दृष्टीने तिकिटाची किंमत उतरते. त्यांच्यासाठी माउंट मिळतात. पुढून पारदर्शक, मागून काळी किंवा पारदर्शक अशी ती प्लॅस्टिकची खोळ असते. तिकीट आत सरकवायचं, चिकटते ती खोळ. काळ्या पाठीवर दातेरी कडा फार सुरेख उठून दिसतात.

माउंट किंवा पाकिटं घेताना पीव्हीसीची घेऊ नका. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन आहे का, हे विचारून घ्या. पीव्हीसीतून जे सुटतं ते शाईला आणि कागदाला बाधतं.

टीपॉयच्या काचेखाली ठेवायचा विचार कृपया सोडून द्या. काच थेट तिकिटावर टेकते. दमट हवेत डिंक ओलसर होतो आणि तिकीट काचेला चिकटून बसतं, ते पुन्हा अखंड निघत नाही. त्यात तुमच्याकडे तीन वाजता ऊन येतं. वर चहाचा कप, खाली १९५० च्या दशकातला कागद, हे जमायचं नाही.

चौकट

माझं फ्रेमिंगचंच काम आहे, डोंबिवलीत. वरच्या प्रतिसादाला जोडून लिहितो.

फ्रेमवाल्याकडे जाताना तीन गोष्टी नेमक्या सांगा. पहिली, ॲसिड-फ्री माउंट बोर्ड. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्यातलं आम्ल तिकिटाच्या कागदात उतरतं. दुसरी, खिडकी कापलेला माउंट. म्हणजे मागे एक बोर्ड, त्यावर तिकीट, आणि पुढे चौकोनी खिडकी कापलेला दुसरा जाड बोर्ड. त्या जाडीमुळे काच आणि तिकीट यांच्यात फट राहते. हे सगळ्यांत महत्त्वाचं. तिसरी, पाठ. साधी हार्डबोर्डची पाठ तिकिटाच्या लगेच मागे नको, मध्ये ॲसिड-फ्री बोर्ड हवाच. पाठीच्या कडा कागदी पट्टीने नीट बंद करून घ्या. कोकणात कसर आणि झुरळं कुठूनही शिरतात आणि तिकिटाचा डिंक त्यांना फार आवडतो.

आतल्या किडींसाठी डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतात.

काचेबद्दल: अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक मिळतं, साध्या काचेपेक्षा बरंच महाग. तुमची फ्रेम लहान असेल तर परवडेल. ॲक्रिलिकवर स्थिर वीज येते, त्यामुळे हलकं सुटं तिकीट त्याच्याकडे ओढलं जाऊ शकतं. तिकीट प्लॅस्टिकच्या खोळीत, म्हणजे वर सांगितलेल्या माउंटमध्ये असेल तर प्रश्न नाही.

आणि फ्रेम बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, म्हणजे जिच्या पलीकडे पाऊस लागतो त्या भिंतीवर. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीवर लावा. मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे किंवा फेल्टचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहील.

पानगळ

मी वेगळं मत मांडते. मूळ तिकिटं लावूच नका. उजेडाने रंग जातो आणि गेलेला रंग परत येत नाही. अतिनील किरण अडवले तरी दिसणारा उजेडसुद्धा रंग उडवतो, फक्त सावकाश. संग्रहालयांत कागदावरच्या नाजूक वस्तूंसाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड ठेवतात. एवढ्या मंद उजेडात घरात कोणी बसत नाही. चांगला स्कॅन करा, उत्तम कागदावर छापा आणि तो लावा. मूळ संग्रह वहीत सुरक्षित राहील.

टपालखुणा

पानगळ, तुमचं शास्त्र बरोबर आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. छापील प्रत बघायला कोणी नाक लावून उभं राहत नाही. खऱ्या तिकिटावरचा शिक्का, कडेचे दात, शाईचा थर, यांच्यामुळेच माणूस पुढे झुकतो. मधला मार्ग आहे: साधी, सहज मिळणारी तिकिटं मूळ लावायची आणि तीन-चार महिन्यांनी बदलायची. दुर्मीळ असेल ते वहीत. उदाहरणार्थ, अण्णांकडे १५ ऑगस्ट १९४८ च्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी १० रुपयांचं असेल, तर ते भिंतीवर नाही, कुलपात. ती तिकिटं स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हॉझिए या मुद्रकाकडे छापलेली आहेत आणि १० रुपयांच्या तिकिटाच्या नकलाही बऱ्याच फिरतात.

गडवाटा

काच आणि बोर्ड यांच्यावर चांगली माहिती आली आहे, पण मूळ प्रश्न बोलणं सुरू व्हावं हा आहे. त्यावर लिहितो.

तिकीट साधारण तीन-चार सेंटिमीटरचं. सोफ्यामागच्या मोठ्या भिंतीवर पन्नास तिकिटांची फ्रेम लावली तर लांबून ती कापडाच्या नक्षीसारखी दिसते. लोक "छान आहे" म्हणतात आणि बसतात. कोणी काही विचारत नाही, कारण विचारावं असं एकही तिकीट त्यांना वेगळं दिसलेलं नसतं. म्हणून थोडी लावा. एका फ्रेमला दोन ते पाच. आणि ती अशी निवडा की शेजारीशेजारी ठेवल्यावर त्यांच्यातून प्रश्न निघेल.

माझ्या घरची एक जोडी सांगतो. डावीकडे हैदराबाद संस्थानचं १९३१ च्या मालिकेतलं ८ आण्यांचं तिकीट, त्यावर अजिंठा लेण्यांचं प्रवेशद्वार. उजवीकडे स्वतंत्र भारताच्या १५ ऑगस्ट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं ३ पैचं, त्यावर अजिंठ्यातला हत्ती. बघणारा हमखास विचारतो, "अजिंठा हैदराबादचं कसं?" मग मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, संस्थानाचं स्वतःचं टपाल होतं, भारतात सामील करून घेणारी १९४८ ची पोलिस ॲक्शन, सगळं ओघाने येतं. मला काही सांगायला सुरुवात करावी लागत नाही.

त्याच १९४९ च्या मालिकेत घारापुरीची त्रिमूर्ती ९ पैच्या तिकिटावर आहे. १९८४ मध्ये भारतीय किल्ल्यांची चार तिकिटं निघाली: ग्वाल्हेर, वेल्लोर, सिंहगड, जोधपूर. सिंहगडाचं तिकीट मी एकटंच, काळ्या माउंटवर, दाराशेजारी लावलं आहे. ट्रेकचे मित्र बूट काढता काढता तिथेच थांबतात.

अबोली (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवले. हैदराबाद-अजिंठा जोडीवर ते फार खूश झाले. त्यांच्याकडे हैदराबादची तिकिटं आहेत, पण ते ८ आण्यांचं नाही.

मग त्यांनीच एक कल्पना सांगितली. आपण रत्नागिरीत राहतो, येणारे बहुतेक जिल्ह्यातलेच, तर रत्नागिरीचीच तिकिटं लावू. ते तोंडपाठ सांगत गेले आणि मी वह्यांतून काढत गेले:

लोकमान्य टिळक, १९५६, जन्मशताब्दीचं, २ आणे. टिळकांचा जन्म इथलाच.

महर्षी कर्वे, १८ एप्रिल १९५८. त्या दिवशी त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली. अण्णा म्हणाले, हयात असलेल्या भारतीयावर आपल्या टपालखात्याने काढलेलं हे पहिलं तिकीट. कर्व्यांचा जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, घराणं मुरुडचं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १४ एप्रिल १९६६, १५ पैसे. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

आणि साठच्या दशकातल्या नेहमीच्या वापराच्या मालिकेतलं ५० पैशांचं आंब्यांचं तिकीट. हे मला माहीतच नव्हतं! आंब्यांवर टपाल तिकीट आहे हे कळल्यावर मुलीने आधी तेच मागितलं.

आता प्रश्न: ही चार एका फ्रेममध्ये चालतील का, की चार वेगळ्या? आणि खाली माहिती किती लिहावी?

गडवाटा

अबोलीताई, अण्णांना माझा नमस्कार सांगा. निवड अप्रतिम आहे. त्यांनी यात आणखी एक गोष्ट साधली आहे. किमती ओळीने वाचा: टिळकांवर आणे, कर्व्यांवर नये पैसे, बाबासाहेबांवर नुसते पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि १९६४ मध्ये "नये" गळलं. चार तिकिटांत जिल्ह्याचा इतिहास आहे आणि नाण्यांचाही. म्हणून ती एकाच फ्रेममध्ये, सालाच्या क्रमाने, आडवी लावा. वेगळी केली तर हा धागा तुटेल.

खालची ओळ मात्र अपुरी ठेवा. "महर्षी धोंडो केशव कर्वे, समाजसुधारक, जन्म अमुक, मृत्यू अमुक" असं लिहिलं की वाचणाऱ्याचं काम संपतं. त्याऐवजी "१८ एप्रिल १९५८. या दिवशी हे स्वतः हयात होते" एवढंच लिहा. पुढचं विचारायला माणूस अण्णांकडे वळेल. टिळकांखाली "२ आणे, १९५६", कर्व्यांच्या ओळीत "नये पैसे" हा शब्द आणा, बाबासाहेबांखाली "१५ पैसे, १९६६". फरक त्यांना शोधू दे.

मांडवीकाठ (पणजी)

उशिरा लिहितेय. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळातली तिकिटं बऱ्याच जुन्या घरांत सापडतात. इथल्या पोर्तुगीज सरकारने १८७१ पासून स्वतःची तिकिटं काढली. माझ्या आईच्या माहेरची काही पाकिटं मी लावली आहेत. त्यातल्या एकावर रुपया आणि टांगा या इथल्या जुन्या चलनातलं तिकीट आहे आणि त्यावर नवी किंमत छापलेली आहे, कारण १९५९ मध्ये इथे एस्कुदो आणि सेंताव्ह हे नवं चलन आलं. दोन वर्षांनी गोवा मुक्त झाला.

माझ्या अनुभवातून दोन गोष्टी सांगते. एक, तिकीट पाकिटावर असेल तर ते पाकिटावरून काढू नका, अख्खं पाकीट लावा. कोणी कोणाला लिहिलं, कुठल्या गावाचा शिक्का, किती दिवसांत पोचलं, हे बोलायला तिकिटापेक्षाही जास्त आहे. काही ठिकाणी पाठीमागे पोचल्याचा शिक्का असतो, तो झाकला जाऊ नये म्हणून मी मागच्या बाजूचा फोटो पाकिटाखाली लावला आहे. फक्त नातेवाइकांचे पत्ते पाहुण्यांना दिसावेत का, हा विचार आधी करा.

दुसरी, जागा. मी आधी हॉलच्या मोठ्या भिंतीवर लावायचं म्हणत होते, शेवटी जेवणघराकडे जाणाऱ्या बोळात लावलं. तिथे ऊन येत नाही आणि माणूस आपोआप एका हाताच्या अंतरावरून जातो. फ्रेमचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा किंचित खाली ठेवलाय, म्हणजे मुलांनाही दिसतं. बाजूला खुंटीला दोरीने भिंग अडकवलं आहे. भिंग दिसलं की प्रत्येकजण ते हातात घेतो आणि घेतलं की बघतोच.

पानगळ

भिंगाची कल्पना छान आहे. मूळ तिकिटं लावायचीच असतील तर बोळाची जागा मला मान्य. तिथे दिवाही गरजेपुरताच लावा, एलईडी, आणि बाकी वेळ बंद.

स्कॅनबद्दल अजून सांगते, कारण अण्णांना बारीक दिसत नाही म्हणालात. तिकीट १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन करून ए-५ आकारात छापा. स्कॅनर सपाट काचेचा हवा, कागद आत ओढणाऱ्या यंत्रात तिकीट कधीही घालू नका. तो मोठा छाप अण्णांच्या खुर्चीशेजारी ठेवा, मूळ भिंतीवर. पाहुणा बोळातून बघून येईल आणि अण्णा हातातल्या मोठ्या चित्रावर बोट ठेवून सांगतील. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९५२ च्या संत-कवींच्या मालिकेपासून फोटोग्रॅव्ह्यूर (चित्र बारीक खळग्यांनी कोरलेल्या रुळावरून छापायची) पद्धत आली. टिळक, कर्वे, आंबेडकर ही तिकिटं त्याच पद्धतीची. एवढं मोठं केल्यावर छपाईची बारीक जाळी दिसायला लागते, तीही मुलांना दाखवण्यासारखी.

अबोली (रत्नागिरी)

हे फारच आवडलं! मी भिंतीचाच विचार करत होते, अण्णांच्या खुर्चीचा केलाच नव्हता. आमच्याकडे बैठकीतून माजघरात जाताना आतली भिंत आहे, तिथे ऊन येत नाही. जागा ठरली.

शेवटची शंका. मुलीला एक तिकीट हातात घेऊन दाखवता येईल असं हवंय. अण्णांनी २००६ चं चंदनाच्या वासाचं १५ रुपयांचं तिकीट घेतलं होतं. ते फ्रेममध्ये घालावं का?

टपालखुणा

नको, ते काचेमागे घालण्यात काही मजा नाही, वास कोणाला येणार? शिवाय इतक्या वर्षांनी वास बहुधा उडालेला असेल. तरी पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून टेबलावर ठेवा, वास येतो का हे प्रत्येकजण पाहीलच. मुलीला चपट्या टोकाचा चिमटा घेऊन द्या आणि तिकीट नेहमी चिमट्याने उचलायचं हे अण्णांकडूनच शिकू द्या. बोटांचा घाम आणि तेल डिंकाला लागलं की तिथे बुरशीचे पिवळे डाग येतात, कोकणात तर लवकरच.

वह्या ठेवलेल्या कपाटात ओल शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वह्या आडव्या न रचता उभ्या ठेवा, आणि पावसाळ्यात कोरडा दिवस मिळेल तेव्हा पानं सावलीत उघडून हवा द्या. फ्रेम पहिल्यांदा गणपतीनंतर लावा. आत्ता ओल्या हवेत बंद केलीत तर तीच ओल काचेमागे राहील.

चौकट

फ्रेमवाल्याला देण्यासाठी माप: चार तिकिटं आडवी, दोन तिकिटांमध्ये तीन सेंटिमीटर, खाली ओळीसाठी चार, चारही बाजूंनी सहा. खिडकी तिकिटापेक्षा सर्व बाजूंनी तीन मिलिमीटर मोठी कापायला सांगा, म्हणजे दातेरी कडा पूर्ण दिसतील. आणि पाठ खिळ्यांनी पक्की न करता वळवायच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी बसवून घ्या. तिकिटं बदलायची असतील तेव्हा पट्ट्या वळवल्या की झालं. कडेची कागदी पट्टी तेवढी दरवेळी नवी लावायची.